दोनशे चौदा नावांची साफसफाई

४ ऑगस्ट, मंगळवार

आज काम संपलं. उलिसेसकाकांच्या प्रोग्रॅममधल्या दोनशे चौदा नावांपुढचं 'लाँच' मी काढून टाकलं.

दाल्काउए गावाच्या धक्क्यावरची पाटी, म्हणजे कुठली लाँच कुठल्या बेटाला कधी सुटणार हे दाखवणारा स्क्रीन, काकांनी बारा वर्षांपूर्वी सी भाषेत लिहिली. लाँचवाल्यांची सहकारी संस्था तेव्हापासून तिच्यावरच चालते, आणि काका निवृत्त झाल्यावर ती माझ्याकडे आली. त्यांच्या वयाच्या मानाने चांगली लिहिली आहे. पण प्रत्येक फंक्शनच्या कपाळावर 'लाँच'. लाँच-ओपन, लाँच-काउंट, लाँच-रिमूव्ह. अख्खा प्रोग्रॅम लाँचचाच आहे, मग दर नावात परत लाँच कशाला? घरातल्या घरात कुणी आडनावाने हाक मारतं का?

नीटनेटकेपणाचं वळण मला बाबांनी लावलं. आमच्या किल्काय बेटावर शाळा नव्हती. मी दहा वर्षांची होईपर्यंत शाळा म्हणजे बाबांची शेड. भिंतीवर खिळे, खिळ्यांवर हत्यारं, खिळ्याखाली नाव. करवत म्हणजे करवत. एका वस्तूला एक नाव, तेही छोटं. वाचायला मी त्या भिंतीवर शिकले. हत्यारंही कशी स्वच्छ, प्रत्येक दांड्यावर तीन लाल पट्टे, गंज चढू नये म्हणून.

संकल्प. एक, ३० तारखेच्या नासारेनो ख्रिस्ताच्या जत्रेआधी नवी पाटी लावायची, हवामानाच्या चित्रासकट. दोन, चूक करायची नाही. तीन, ऑफिसच्या किटलीतलं गरम पाणी स्वतःच्या चहाला वापरलं, ते एर्सिलियाबाईंना सांगायचं.

५ ऑगस्ट, बुधवार

गरम पाण्याचं सांगितलं. एर्सिलियाबाई संस्थेच्या अध्यक्षा आहेत, त्यांच्या स्वतःच्या दोन लाँच आहेत आणि आवाज तिसरीच्या भोंग्यासारखा. म्हणाल्या, पोरी, गेल्या आठवड्यात पेन्सिलीचं सांगितलंस, आज पाण्याचं. पापं ऐकायला पाद्री ठेवलाय गावाने, मला पाटी कधी लागते ते सांग.

दुपारी कंपाइल केलं, म्हणजे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवायला दिला. एकतीस एरर. सगळ्यांचं म्हणणं एकच: या नावाचं दुसरं कुणी इथे आधीपासून आहे.

स्क्रीनवर खिडक्या, चौकटी, चित्रं काढायला आपण दुसऱ्यांनी लिहिलेली ग्राफिक्सची लायब्ररी वापरतो. तिच्यात विंडो आहे, रेक्टँगल आहे, स्टेटस आहे. माझ्याकडेही आता तीच नावं आहेत. सी भाषेत एका नावाचे दोघे चालत नाहीत. आपल्या धक्क्यावर कुणी कार्कामो या आडनावाने हाक मारली की अकरा जण वळून बघतात, तसं.

चूक अर्थातच लायब्ररीची. जगातली सगळी चांगली नावं आधी येऊन पटकावून बसायची, याला हावरटपणा म्हणतात.

७ ऑगस्ट, शुक्रवार

एकतीसचे नऊ झाले. युक्ती माझीच. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर एक ओळ असते, तिच्यातून लायब्ररीच्या नावांची ओळख करून दिली जाते. जिथे भांडण, तिथली ती ओळख काढून टाकायची. एकमेकांची माहितीच नाही, मग भांडतील कशाला?

तिकीट-खिडकीवरच्या मारिसेलला हे समजावलं. ती म्हणाली, कळलं की, आमच्या भावोजींचं हेच आहे, एक घर इथे आणि एक कास्त्रोला, बारा वर्षं सुखाने चाललंय. मग जरा विचार करून म्हणाली, पंचाईत फक्त मयताला होणार.

तिची उदाहरणं नेहमी विषय सोडून असतात.

८ ऑगस्ट, शनिवार

शून्य एरर. बारा वॉर्निंग आहेत, पण वॉर्निंग म्हणजे एरर नव्हे. शेजारणीचं मत असतं तसं ते. वॉर्निंग दाखवणं बंद केलं. आता कंपाइलर एक अक्षर बोलत नाही. फार प्रसन्न वाटतं.

धक्क्यावर उलिसेसकाका भेटले. निवृत्त झाल्यापासून ते धुरात सुकवलेल्या शिंपल्यांच्या माळा विकतात. म्हणाले, नावांपुढचं लाँच काढलंस म्हणे. मी म्हटलं, हो, साफसफाई केली. ते समुद्राकडे बघत म्हणाले, मीपण एकदा काढलं होतं, पहिल्याच वर्षी. तीन आठवड्यांनी परत लावलं. का लावलं, सांगू? मी म्हटलं, आभारी आहे, जरा घाईत आहे.

खरं तर घाई नव्हती. हे खोटं झालं. सोमवारी त्यांना सांगायचं.

संध्याकाळी रिमूव्ह हे फंक्शन आणखी पक्कं केलं. लाँच सुटली की तिचं नाव यादीतून काढायचं, एवढंच त्याचं काम. त्याला लाँचचा नंबर द्यायचा. पण कुणी यादीत नसलेला नंबर दिला तर? काकांच्या वेळी ते फंक्शन नुसतंच परत यायचं, हात हलवत. बाबा मला शेडमधून पाना आणायला पाठवायचे तेव्हा सांगायचे, सांगितलेल्या मापाचा नाही सापडला तर ओळीतला शेवटचा आण, पण रिकाम्या हाताने येऊ नकोस. तेच केलं. नंबर यादीबाहेरचा असेल तर शेवटची लाँच काढायची. आता हे फंक्शन कधीच फुकट जात नाही.

१२ ऑगस्ट, बुधवार

पाटी लागली. तेवीस लाँच, नावांच्या वर्णक्रमाने, वर कोपऱ्यात ढग-वाऱ्याचं चित्र. हवामान खात्याकडून नवं चित्र आलं की लायब्ररी ते आपोआप बदलते. पाद्रीबाबांनी पवित्र पाणी शिंपडलं, थोडं केबलवरही.

एर्सिलियाबाईंनी भाषण केलं. गेल्या वर्षी धक्क्याला आधी कोण लागणार यावरून दोन तांडेल वल्ह्यांनी भांडले होते, ते सगळ्यांना आठवत होतंच. म्हणून नवा नियम केला: पाटीवर नाव असेल त्यानेच धक्क्याला लागायचं, नसेल त्याने बाहेर नांगर टाकून थांबायचं.

यादीत सगळ्यात खाली 'सुलेमा'. बाबांची लाँच. आईचं नाव. स्पॅनिशमध्ये ते ज्या अक्षराने सुरू होतं ते अगदी शेवटचं अक्षर आहे. बाबा याच वर्षी संस्थेचे सभासद झालेत. त्यांनी पाटीसमोर उभं राहून टोपी काढली. म्हणाले, माझी पोर लिहायला शिकली ती माझ्या भिंतीवर, आणि आता मी तिच्या भिंतीवर.

१३ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी १०.४०. सुलेमा पाटीवरून गेली. बाकीच्या बावीस जागच्या जागी.

११.३०. बाबांचा फोन. म्हणाले, आज माझी फेरी नाही वाटतं, पाटीवर नाव दिसलं नाही, म्हणून परत चाललोय. बटाट्याची पोती नंतर नेईन. मी म्हटलं, बाबा, जरा थांबा. ते म्हणाले, नको, नियम तो नियम, आणि पाटी तुझी.

संशयित: पवित्र पाणी. त्यात मीठ असतं. केबल गंजली असणार.

१५ ऑगस्ट, शनिवार

केबल बदलली. पवित्र पाण्यावर संशय घेतल्याचं पाद्रीबाबांना सांगितलं. ते म्हणाले, बाळ, माझाही असतो कधीकधी.

सुलेमा आजही गेली. रोज सकाळी आठला यादी नव्याने भरते, तेव्हा असते. दहा-अकरापर्यंत जाते.

मनात आलं, बाबांची लाँच तेवढी यादीत पहिली लिहावी. पाच मिनिटांचं काम. पण नाही. स्वतःच्या बापाचं नाव वर ढकलणं म्हणजे वशिला. बावीस लाँच नीट चालताहेत आणि मी घरच्या लाँचसाठी प्रोग्रॅम उघडून बसले, असं कुणी म्हटलं तर? आधी सगळ्यांचं काम. सुलेमाचं शेवटी. तत्त्व म्हणजे तत्त्व.

या तत्त्वामुळे फार शांत वाटलं.

१९ ऑगस्ट, बुधवार

वादळ. पाऊस आडवा. हवामानाचं चित्र सकाळपासून नऊ वेळा बदललं. दुपारपर्यंत पाटीवरून नऊ लाँच गेल्या. सुलेमा, मग व्हिक्टोरिया, मग तेरेसिता, खालून वर एकेक.

मी कोट घालून राजीनामा लिहीत होते, तेवढ्यात एर्सिलियाबाई आत आल्या आणि मला मिठी मारली. म्हणाल्या, पोरी, बंदर खात्याने आत्ता हुकूम काढला की फेऱ्या कमी करा, आणि तुझ्या पाटीने सकाळपासूनच नावं कमी करायला घेतली. तिला वारा कळतो गं.

मी काही बोलले नाही. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. शिवाय, नसेलच कळत असं ठामपणे कोण सांगणार? आपण लिहितो त्यापेक्षा आपल्या हातून कधीकधी जास्त लिहिलं जातं.

राजीनाम्याचा कागद संस्थेचा होता. मागच्या बाजूला वाणसामानाची यादी केली. उद्या सांगायचं.

२० ऑगस्ट, गुरुवार

पाटीला आता सगळे 'म्हातारी' म्हणतात. तांडेल येतात आणि विचारतात, म्हातारी काय म्हणते आज? मारिसेल तिला विचारून कपडे वाळत घालते. कागदाचं एर्सिलियाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, हो हो, बरं.

मला यात थोडा तरी वाटा मिळायला हरकत नाही.

२४ ऑगस्ट, सोमवार

डिस्क भरली. मारिसेलने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर भाचीच्या वाढदिवसाचे फोटो ठेवलेत. सत्तेचाळीस फोटो. तेच असणार. तिची परवानगी मागून काढून टाकले. तरी डिस्क भरलेलीच. बाकी कशाने भरली हे बघायला आतले सगळे फोल्डर उघडावे लागतील, आणि कुणाच्या सामानात हात घालू नये हे मला लहानपणापासून शिकवलेलं आहे. नवी डिस्क मागवली.

बाबांचा फोन. यंदा नऊ वर्षांनी नासारेनोची पालखी वाहायचा मान किल्कायला मिळाला आहे. बेटावर आता उरलेत सगळे म्हातारे. खांदे इथले, दाल्काउए आणि कास्त्रोत कामाला असलेले सव्वीस जण. रविवारी अकरा वाजता बाबा त्यांना धक्क्यावरून घेणार आणि थेट कागुआच बेटावर नेणार. दोनला पालखी निघते. पुढच्या उजव्या दांड्याला स्वतः बाबा. म्हणाले, पाटीवर असेन ना गं त्या दिवशी?

मी म्हटलं, असाल.

२७ ऑगस्ट, गुरुवार

आज शास्त्रीय पद्धतीने तपास. रिमूव्हला कुणी बोलावलं की एक ओळ छापायची, असं केलं. एकही लाँच सुटलेली नसताना साडेनऊपर्यंत चार ओळी छापल्या. माझा सगळा प्रोग्रॅम वाचून काढला. त्या वेळी रिमूव्हला मी कुठेच बोलावत नाही.

म्हणजे बाहेरचं कुणीतरी बोलावतंय. म्हणजे घातपात. ज्याला आतलं माहीत आहे असा माणूस गावात एकच.

सरळ उलिसेसकाकांकडे गेले. ते शिंपले ओवत होते. मी फार सभ्यपणे विचारलं की त्यांचा पाटीत अजून हात आहे का. ते म्हणाले, माझा हात हा बघ, शिंपल्यात आहे. मग म्हणाले, रिमूव्हला कोण बोलावतं ते तू मला विचारतेस, त्यालाच का विचारत नाहीस? तिथे थांबव त्याला, आणि मागे कोण उभं आहे बघ. मी म्हटलं, माझी पद्धत वेगळी आहे. ते म्हणाले, दिसतंय, तेरेसिताचा तांडेल काल तुझ्या पद्धतीला आईवरून काहीतरी म्हणत होता.

एक माळ घेतली, संशयाबद्दल भरपाई म्हणून. चांगली होती.

२९ ऑगस्ट, शनिवार

उपाय सापडला. यादी नव्याने भरली की तेवीसच्या तेवीस परत येतात. मग उद्या दर अर्ध्या तासाने पाटी बंद करून चालू करायची. याला देखभाल म्हणतात. मोठमोठ्या कंपन्या हेच करतात.

संकल्प: नऊ, साडेनऊ, दहा, साडेदहा, अकरा. घड्याळ मिळवून ठेवलं. बाबांना कळवलं की निश्चिंत या.

३० ऑगस्ट, रविवार

८.००. तेवीस. सुलेमा शेवटी, ठळक. धक्क्यावर पाय ठेवायला जागा नाही.

८.४०. ऊन.

८.५५. गारा.

९.००. देखभालीला गेले. कॉम्प्युटरच्या कपाटाला कुलूप. कपाटावर नासारेनोची छोटी मूर्ती आणि सहा मेणबत्त्या. एर्सिलियाबाई म्हणाल्या, आजच्या दिवशी म्हातारीला झोपवायचं नाही, आजच तर तिची गरज आहे. मी म्हटलं, दोनच मिनिटं. त्या म्हणाल्या, पाद्रीबाबांना म्हणावं, एकदा उंचावलेला प्याला दोन मिनिटं खाली ठेवून बघा.

९.१०. ऊन. ९.२५. पाऊस. ९.४०. ऊन आणि पाऊस दोन्ही. आमच्याकडे ऑगस्टात असंच असतं, दहा मिनिटांत चार ऋतू. प्रत्येकाचं नवं चित्र येतंय.

१०.३०. अकरा लाँच उरल्या.

१०.४५. बाबा आलेत. बाहेर नांगर टाकून उभे आहेत. सुलेमाला नवा निळा रंग, पुढे किल्कायचा झेंडा. मी दिसले तसा त्यांनी हात केला.

११.००. सात. धक्क्यावर किल्कायचे सव्वीस जण पांढऱ्या सदऱ्यांत, अकॉर्डियन आणि ढोलासकट, सुलेमाकडे बघत उभे. मध्ये पाण्याचे ऐंशी मीटर. बाबांनी परत हात केला.

११.२०. चार. आभाळ आता निळंशार. एर्सिलियाबाई भोंगा घेऊन बाकावर चढल्या आणि म्हणाल्या, मंडळी, म्हातारीला काहीतरी दिसतंय जे आपल्याला दिसत नाही, मोठं वादळ येतंय, लहान लाँचनी जाऊ नका. लोकांनी निळ्या आभाळाकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, आणि पाटीवर विश्वास ठेवला. काही जण घरी जायला निघाले.

मी एर्सिलियाबाईंची बाही धरली. म्हटलं, बाई, तिला काही कळत नाही. वारा नाही, पाऊस नाही, काहीच नाही. चूक माझी आहे, पहिल्या दिवसापासून. मला एक गोष्ट कबूल करायची आहे.

त्या भोंग्यावरचा हात न काढता म्हणाल्या, हो पोरी, उद्या सांग. आज कागद घेतलास की पेन्सिल?

मी म्हटलं, पाटी चुकीची आहे. ते सगळ्या धक्क्याने ऐकलं, कारण भोंगा चालू होता. मारिसेल खिडकीतून म्हणाली, लक्ष देऊ नका, बिचारी परवा भाचीचे फोटो पुसतानासुद्धा रडत होती. लोक हसले. कुणीतरी मला सोपायपिया, म्हणजे तळलेली पुरी, आणून दिली, गरम.

११.४०. दोन. आमालिया आणि आउरोरा. दोन्ही एर्सिलियाबाईंच्या.

तेव्हा लोकांचा विश्वास हलला. तेरेसिताचा तांडेल फार मोठ्याने म्हणाला की म्हातारीला वारा कळत नसेल पण अध्यक्ष कोण आहे ते बरोबर कळतं.

११.५०. उलिसेसकाका शिंपल्यांची टोपली खाली ठेवून भिंतीशी गेले आणि पाटीची पिन ओढली. मग तिकीट-खिडकीमागून जुना फळा काढला. तेवीस लाँच खडूने लिहिल्या. दाल्काउएत दोन आउरोरा आहेत, तीन व्हिक्टोरिया होऊन गेल्या, आणि कार्कामो अकरा, म्हणून प्रत्येक नावापुढे घराणं आणि बेट. शेवटची ओळ: सुलेमा, कार्कामो, किल्कायचा.

बाबा दुर्बिणीतून बघत होते. ओळ पुरी व्हायच्या आत त्यांनी नांगर उचलला.

मीही सुलेमात बसले. कागुआचला पोचलो तेव्हा सव्वादोन वाजून गेले होते. दुसऱ्या बेटांच्या लोकांनी पालखी उचलून निम्म्याहून जास्त नेली होती. किल्कायला शेवटचा टप्पा मिळाला, देवळाच्या दारापासून आत. बाबा पुढच्या उजव्या दांड्याला. चाळीस पावलं. मी मोजली.

येताना बाबा सुकाणूवर होते. मी शेजारी बसले होते आणि सांगायला सुरुवात करत होते. तेवढ्यात ते मागे बसलेल्या लोकांना म्हणाले, तीन आठवडे माझं नाव सगळ्यात आधी पुसलं जायचं, मी मनात म्हटलं, बरोबर आहे, माझी पोर बापाला पुढे ढकलणाऱ्यातली नाही.

सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. मी पाण्याकडे बघितलं.

३१ ऑगस्ट, सोमवार

उलिसेसकाका ऑफिसात आले. मी बोलावलं होतं. त्यांनी डीबगर, म्हणजे प्रोग्रॅम मध्येच थांबवून बघायचं साधन, उघडला, रिमूव्हच्या दारात थांबा लावला आणि हवामानाचं नवं चित्र यायची वाट बघत बसलो. आलं. रिमूव्हला कुणीतरी बोलावलं. काका म्हणाले, आता बघ मागे कोण आहे.

लायब्ररी होती.

नवं चित्र आलं की ती जुन्या चित्राची फाइल फेकून देते. फेकायला ती रिमूव्ह म्हणून हाक मारते. सिस्टिममध्ये या नावाचं एक फंक्शन आहे, माझ्या जन्माच्या आधीपासून, आणि त्याचं काम फाइल पुसणं. पण आता त्या नावाचे दोघे झाले आणि माझं दाराच्या जवळ होतं. माझं ओ देऊन पुढे गेलं. लायब्ररीने त्याच्या हातात फाइलीच्या नावाचा पत्ता ठेवला. माझ्या फंक्शनने तो लाँचचा नंबर समजून वाचला, यादीत नाही असं बघितलं, आणि रिकाम्या हाताने परत जायचं नाही म्हणून शेवटची लाँच घेऊन गेलं.

प्रत्येक ढगाला एक लाँच.

डिस्कवर जुन्या ढगांची न पुसलेली दोनशे सहा चित्रं सापडली. मारिसेलला सत्तेचाळीस फोटो परत आणून दिले. तिच्या बहिणीकडे होते.

काका जाताना म्हणाले, मी बारा वर्षांपूर्वी विचारलं नव्हतं कुणाला, म्हणून तुला विचारलं, सांगू का. मी म्हटलं, आता सांगा. ते म्हणाले, आता तुला माहीत आहे, आता काय सांगू.

एर्सिलियाबाईंना सगळं लिहून दिलं, तीन पानं. त्यांनी पूर्ण वाचलं. म्हणाल्या, कागद कुणाचा? मी म्हटलं, माझा. म्हणाल्या, मग यातलं निम्मं पाप माझं, मी ऐकायला हवं होतं. पण निम्मंच.

शिक्षा: जुनं 'लाँच' दोनशे चौदाच्या दोनशे चौदा नावांपुढे परत लावायचं. ते होईपर्यंत रोज सकाळी सातला फळा मी लिहायचा, घराणं आणि बेटासकट.

६ सप्टेंबर, रविवार

किल्काय. घरी. दोनशे चौदापैकी एकसष्ट झाली. वॉर्निंग चालू केल्या आहेत. बऱ्याच आहेत, आणि बऱ्याच बरोबर आहेत.

सकाळी बाबांना शेडमध्ये खरं काय ते सांगितलं. वशिल्याचं तत्त्व, वादळाचं कौतुक, सगळं. ते रंधा मारत होते, मारत राहिले. सी भाषेतलं त्यांना काही कळलं नसेल असं मला वाटलं, म्हणून मी शेवटी सोपं करून म्हटलं की नावांपुढे एक खूण होती आणि ती मी काढून टाकली, कारण तुम्ही मला एका वस्तूला एक नाव शिकवलंत.

बाबांनी रंधा थांबवला. म्हणाले, काढून टाकलीस? आणि मग मिंगाला काय करायचं?

मिंगा म्हणजे एखाद्याचं घर जागेवरून ओढून दुसरीकडे न्यायचं असतं तेव्हा अख्खं बेट आपापली हत्यारं घेऊन येतं तो दिवस. चाळीस घरांच्या चाळीस करवती एका ढिगात पडतात. बाबांनी भिंतीवरची करवत काढून माझ्या हातात दिली आणि दांड्यावर बोट ठेवलं. म्हणाले, करवत हे नाव आपल्या भिंतीपुरतं. बाहेर गेली की हे तीन लाल पट्टे म्हणजे आपली. मान्सियांच्या दांड्यावर निळा एक, बारियांचे हिरवे दोन. नाहीतर संध्याकाळी कोण कुणाची घेऊन गेलं हे देवाला तरी कळेल का?

म्हणाले, हे तुला शिकवायचं राहिलं. मला वाटलं, दिसतंय ते काय शिकवायचं.

मी करवत परत खिळ्यावर लावली. दांडा लाकडाचा होता. सगळ्यांचेच दांडे लाकडाचे आहेत. लाकूड गंजत नाही, हे मला आज सुचलं.